जप्तीची दवंडी

बंगळूरच्या शिवाजीनगरात घर विकत घेणारा शहाणा मनुष्य आधी दुय्यम निबंधकाच्या कचेरीतून बोजाचा दाखला काढतो. विकणाऱ्यावर कोणाचा हुकूमनामा नाही ना, ही त्याची धास्ती. केवळ पैशाच्या हुकूमनाम्याने मालकी जात नाही. परंतु न्यायालयाने जप्तीची दवंडी पिटविली आणि हुकूम मिळकतीवर डकविला, की त्यानंतरची खाजगी विक्री धनकोच्या मागणीपुढे टिकत नाही. १९०८ च्या दिवाणी संहितेचे ६४ वे कलम ते हेच.

या धाकाचा इतिहास पाहावयाचा तर पुणे जिल्ह्यातील सुप्याला जावे लागते. सुपे आणि बंगळूर या दोन्ही जहागिरी एके काळी शहाजीराजांकडेच होत्या; त्यामुळे मला तरी ही वाट परकी वाटत नाही.

१२ मे १८७५ हा सुप्याच्या बाजाराचा दिवस. त्या दिवशी कुणब्यांचा जमाव सावकारांच्या घरांवर चालून गेला. लुटालूट झाली, पण खरा रोख होता कर्जरोख्यांवर आणि हुकूमनाम्यांवर. पुढे अन्य गावांतही हे लोण पसरले. जेथे सावकाराने कागद निमूट हवाली केले, तेथे बहुधा त्याच्या केसालाही धक्का लागला नाही. निरक्षर माणसांनी कागदाचे सामर्थ्य किती अचूक ओळखले होते!

ते सामर्थ्य नवे होते. रयतवारीने जमीन विक्रीयोग्य झाली होती. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू रयतेच्या हिताचा, परिणाम उलटा. दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून सावकार नवा रोखा लिहून घेई. अमेरिकेतील यादवी १८६५ साली संपली, कापसाचे भाव कोसळले, फेरमोजणीने सारा मात्र वाढला. दावा होई तेव्हा कुळ न्यायालयात फिरकतच नसे, हुकूमनामा एकतर्फी. पुष्कळदा खाते कुणब्याच्याच नावे राही, सारा तोच भरी, पीक मात्र सावकाराच्या घरी जाई. मालकी म्हणावी ती कोणाची?

चौकशी आयोगानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांना लागू झाला. न्यायाधीशाने कर्जाचा मुळापासून हिशेब तपासावा, असे त्याने ठरविले. २२ व्या कलमाने तर, स्पष्टपणे गहाण दिली नसेल तर शेतकऱ्याची जमीन हुकूमनाम्यापोटी जप्त वा लिलाव करण्यास मनाई केली. सावकारही काही स्वस्थ बसले नाहीत: उघड गहाणाऐवजी ते खरेदीखतच लिहून घेऊ लागले.