टॅल्बट हाउस

टॅल्बट हाउस : पहिल्या महायुद्धाच्या काळात (१९१४–१८) बेल्जियममधील पोपरिंगे या गावी ब्रिटिश सैन्यातील अधिकारी व सैनिक यांच्यासाठी चालविण्यात आलेले ख्रिस्ती आतिथ्यगृह. ११ डिसेंबर १९१५ रोजी ते उघडण्यात आले. परक्या भूमीत आलेल्या सैनिकास काही काळ घराचा सहवास मिळावा व त्याच्या मनाला धीर यावा, हा त्यामागील हेतू होता. धर्मनिष्ठ व्यक्तींनी व संस्थांनी सैनिकांसाठी चालविलेली विश्रामगृहे त्यापूर्वीही अस्तित्वात होती. तथापि अधिकारी आणि साधा शिपाई या दोघांनाही एकाच छपराखाली सारख्याच मानाचे पाहुणे समजणे, हे या गृहाचे वैशिष्ट्य होय.

पोपरिंगे हे गाव ईप्र शहराच्या पश्चिमेस सु. १२ किमी. अंतरावर आहे. बेल्जियमचा बहुतेक प्रदेश जर्मनांच्या ताब्यात गेला असता जो लहानसा भाग मोकळा राहिला, त्यात ते मोडत होते. ईप्रच्या आघाडीवर जाणारे व तेथून परतणारे सैन्य या गावातून जाई. रजेवर जाणाऱ्यांची आगगाडीही येथूनच सुटे. त्यामुळे गावात उपाहारगृहे व मद्यगृहे यांची गर्दी झाली. ब्रिटिश सैन्यात अधिकाऱ्यांची भोजनगृहे, निवासस्थाने व करमणुकीची ठिकाणे शिपायांपासून वेगळी असत. ही व्यवस्था शिस्तीला पोषक मानली जाई. परंतु तीमुळे अधिकारी एकाकी पडे. युद्धात भरती झालेले अनेक अधिकारी नुकतेच विद्यालयांतून वा विद्यापीठांतून बाहेर पडलेले तरुण होते. आपल्या तुकडीतील माणसांच्या जीविताची जबाबदारी त्यांच्यावर होती आणि त्यांच्यासमोर भीती वा दुःख व्यक्त करण्याची मुभा त्यांना नव्हती.

सहाव्या डिव्हिजनचे वरिष्ठ सैनिकी धर्मोपदेशक नेव्हिल टॅल्बट यांनी फिलिप क्लेटन (१८८५–१९७२) या अँग्लिकन धर्मोपदेशकावर गृहाचे काम सोपविले. क्लेटन हे ‘टबी’ या टोपणनावाने सैन्यात परिचित होते. हॉपचा व्यापार करणाऱ्या कूव्हूट कुटुंबाचे घर दरमहा १५० फ्रँक भाड्याने घेण्यात आले. नेव्हिल यांचे धाकटे बंधू लेफ्टनंट गिल्बर्ट टॅल्बट हे ३० जुलै १९१५ रोजी ईप्रजवळील हूग येथे मारले गेले होते. त्यांच्या स्मरणार्थ गृहाला टॅल्बट हे नाव देण्यात आले. सैन्यातील संदेशयंत्रणेत ‘टी’ या अक्षराचा उच्चार ‘टॉक’ असा करीत. त्यावरून गृहाच्या आद्याक्षरांचे ‘टॉक एच’ हे संक्षिप्त रूप रूढ झाले.

गृहात ग्रंथालय, लेखनाची व खेळांची सोय आणि मागील बाजूस बाग होती. मद्य दिले जात नसे. पुस्तक वाचावयास घेताना सैनिकाने आपली टोपी ठेव म्हणून ठेवावी, असा नियम होता. टोपीशिवाय बाहेर पडणे शिस्तीविरुद्ध असल्याने पुस्तक परत येण्याची खात्री असे. एका फलकावर सैनिक आपले नाव लिहून ठेवीत आणि त्यावरून वेगवेगळ्या पलटणींत विखुरलेल्या मित्रांचा व नातलगांचा शोध घेतला जाई. मुक्कामास राहणाऱ्या अधिकाऱ्यांकडून ५ फ्रँक घेतले जात व त्यातून शिपायांच्या सोयींना हातभार लागे. क्लेटन यांच्या खोलीच्या दारावर, आत येणाऱ्याने आपला हुद्दा बाहेर ठेवावा, अशा आशयाची सूचना होती. सैन्याची अधिकारश्रेणी मोडणे हा तिचा उद्देश नव्हता. उंबरठ्याबाहेर ती पूर्ववत चालू राही. आत मात्र सेनापतीही पाहुणा व शिपाईही पाहुणा, हा ख्रिस्ती आतिथ्यधर्माचा अर्थ येथे प्रत्यक्षात आणला गेला.

घराच्या सर्वांत वरच्या मजल्यावरील हॉप साठविण्याच्या माळ्यावर प्रार्थनामंदिर होते. आवारात सापडलेला सुताराच्या कामाचा जुना बाक तेथे वेदी म्हणून वापरीत. येशू ख्रिस्त हा सुतार असल्याने या बाकाला विशेष अर्थ प्राप्त झाला. उपासनेची सक्ती नसे. तरीही आघाडीवर जाण्यापूर्वी अनेक अधिकारी व शिपाई येथे शेजारी शेजारी गुडघे टेकून प्रभुभोजन घेत. त्यांपैकी कित्येकांचे ते अखेरचे ठरले.

या कार्यात एक अंगभूत विसंगती होती. मनुष्यमात्राला बंधू मानणाऱ्या धर्माचे हे घर सैनिकाला विश्रांती देऊन पुन्हा युद्धभूमीवरच पाठवीत असे. ते सैन्याच्या आश्रयाने चालत होते आणि युद्ध थांबविणे त्याच्या आवाक्यातील गोष्ट नव्हती. याच गावातील नगरगृहाच्या आवारात लष्करी न्यायालयाने दोषी ठरविलेल्या काही सैनिकांना गोळ्या घालण्यात आल्या. त्या परिस्थितीत टॅल्बट हाउसने दिलेले उत्तेजन पराक्रमाचे नसून माणूसपण टिकविण्याचे होते. सैनिकाला क्रमांक वा हुद्दा न समजता नावाने ओळखणे, यात त्याचे महत्त्व सामावलेले आहे.

१९१८ च्या वसंत ऋतूतील जर्मन चढाईमुळे गृह काही काळ रिकामे करावे लागले. युद्धानंतर क्लेटन यांनी, येथे येऊन गेलेल्यांपैकी जे वाचले त्यांच्याशी संपर्क साधला आणि त्यातून ‘टॉक एच’ ही समाजसेवी संघटना उदयास आली. तिला १९२२ मध्ये राजसनद मिळाली व ब्रिटिश साम्राज्यातील अनेक देशांत तिच्या शाखा निघाल्या. लॉर्ड वेकफील्ड यांच्या देणगीमुळे १९२९ मध्ये मूळ वास्तू संघटनेसाठी विकत घेता आली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी गाव व्यापले, तेव्हा स्थानिक रहिवाशांनी गृहातील बऱ्याच वस्तू आपापल्या घरी लपवून ठेवल्या. सप्टेंबर १९४४ मध्ये पोलिश सैन्याने गाव मुक्त केल्यावर त्या परत आणण्यात आल्या. ज्या गावाने पाहुण्यांना घर दिले, त्याच गावाने ते घर राखले. सांप्रत तेथे संग्रहालय असून प्रवाशांच्या मुक्कामाची सोयही आहे.