मऊ केसांचं मांजर आणि बळदाची राखण



मागे एकदा नांदेडला नोकरीला असलेल्या माझ्या लेकाचा फोन आला. म्हणाला, "आई, आजीला दिवसभर एकटं वाटतं. तिच्यासाठी पर्शियन मांजर आणू का? लांब केसांचं, गरीब स्वभावाचं असतं. मांडीवर बसून राहतं, ओरबाडत नाही." त्याने मोबाईलवर फोटोही पाठवला. पांढरंशुभ्र, कापसाच्या बोंडासारखं फुललेलं, चपट्या तोंडाचं मांजर. सासूबाईंना आता नीट दिसत नाही, म्हणून मी ते कसं आहे ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "उंदीर धरतं का गं ते?"

मी हसले. पण रात्री मनात तेच घोळत राहिलं. आपण मांजर कशासाठी पाळतो, धान्य राखायला की माया करायला? दोन्हीला मोठा इतिहास आहे. तो आज सांगते.

मांजर माणसाकडे आलं ते धान्याच्या मागे. माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला, धान्यावर उंदीर आले आणि उंदरांवर रानमांजर आलं. सायप्रस नावाच्या बेटावर सुमारे 9500 वर्षांपूर्वीचं एक थडगं सापडलं आहे. त्यात माणसाशेजारीच एक मांजर पुरलेलं आहे. म्हणजे तेव्हाही कुणाचा तरी त्याच्यावर जीव होता.

आपल्याकडे पेव, कणगी आणि बळद होतं तोवर घरात मांजर होतंच. त्याला कुणी विकत आणलं नाही. शेजारणीने पिल्लू दिलं, आपण वाटीभर ताक-भाकरी घातली, ते राहिलं. पुराणात षष्ठीदेवी, म्हणजे आपली सटवाई, लेकरांची राखण करते आणि तिचं वाहन मांजर आहे. एकीकडे लेकरांच्या देवीचं वाहन, दुसरीकडे आडवं गेलं की अपशकुन! मांजराच्या वाट्याला मान आणि शिव्या दोन्ही आल्या.

त्या मांजराची किंमत कळली ती प्लेगमध्ये. 1896 साली मुंबईत मांडवी भागात गाठीचा रोग सुरू झाला आणि पुढे राज्यभर, देशभर पसरला. पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या, तो दिवस 10 मार्च 1897. घरात उंदीर पडला की लोक घर सोडायचे. गावंच्या गावं माळावर झोपड्या घालून राहायची. उंदराचा रोग माणसाला कसा लागतो, हे मात्र ठाऊक नव्हतं. 1898 मध्ये कराचीत सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने दाखवून दिलं की उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग माणसाला देते. उंदीर मेला की उपाशी पिसू माणसाकडे वळते.

आता आपल्या जवळची गोष्ट. किनवटहून पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा आणि त्याच्या पलीकडे अमरावती. त्या अमरावतीला बुकॅनन नावाचे इंग्रज सरकारी डॉक्टर होते. त्यांनी गावोगाव एक साधी गोष्ट पाहिली. घरं किती, मांजरं किती आणि प्लेग किती? त्यांना दिसलं की ज्या गावांत घरोघरी मांजर आहे तिथे प्लेग फिरकत नाही किंवा फार थोडा असतो. 1908 मध्ये त्यांनी हे वैद्यकीय मासिकात छापलं आणि प्लेग टाळायला मांजरं पाळा असं सांगितलं. आज आपल्याला माहीत आहे की मांजरालाही प्लेग होऊ शकतो, त्यामुळे नुसत्या मांजरावर भिस्त ठेवता येत नाही. पण त्या काळी ना औषध होतं ना धड माहिती. तेव्हा आपल्या आज्या-पणज्यांनी ताक-भाकरीवर वाढवलेल्या मनीने कितीतरी घरं राखली. तिचं नाव मात्र कुठे लिहिलं गेलं नाही.

आता लांब केसांच्या मांजराकडे वळू. त्याचाही रस्ता आपल्या भागाजवळून गेला आहे. रोमचा एक प्रवासी होता, पिएत्रो देल्ला व्हाल्ले. 1620 साली त्याने इराणमधून पत्र लिहिलं. खुरासान प्रांतात रेशमासारख्या मऊ, लांब केसांची राखाडी मांजरं असतात, त्यांची शेपटी खारीसारखी झुबकेदार असते, असं त्यात वर्णन आहे. पोर्तुगीजांनी ही मांजरं इराणातून हिंदुस्थानात नेली, असंही त्याने लिहिलं. पुढे 1623 मध्ये तो स्वतः सुरतेहून गोव्याला आला. म्हणजे शिवाजीराजांच्या जन्माच्या आधीच लांब केसांचं मांजर आपल्या किनाऱ्याला लागलं होतं.

दुसरा रस्ता काबूलचा. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे नाव तुम्ही मुंबईच्या कॉलेजमुळे ऐकलं असेल. ते आधी नागपूरला, नंतर पुण्याला इंग्रजांचे वकील होते आणि 1819 ते 1827 मुंबईचे गव्हर्नर होते. मधल्या काळात ते पेशावरला अफगाणांच्या दरबारी गेले होते. 1815 च्या आपल्या पुस्तकात त्यांनी लिहिलं की लोक ज्याला इराणी मांजर म्हणतात ते खरं तर अफगाण मुलखातून मोठ्या संख्येने बाहेर जातं, इराणातून क्वचितच येतं. दोनशे वर्षांपूर्वीही मालाचं नाव एक आणि गाव दुसरं!

पुढे ही मांजरं विलायतेला गेली. 1871 मध्ये लंडनला मोठं मांजर प्रदर्शन भरलं. बक्षिसं सुरू झाली, मग बक्षिसासाठी निवड सुरू झाली. केस आणखी लांब, तोंड आणखी गोल, नाक आणखी आत. शांत मांजर मांडीवर बरं दिसतं, म्हणून शांत जोड्यांचीच वीण पुढे नेली. लेक म्हणत होता तो गरीब स्वभाव असा पिढ्यान्‌पिढ्या निवडून आणलेला आहे. आणि गंमत म्हणजे अलीकडे जनुकांच्या तपासण्या झाल्या, तेव्हा आजचं पर्शियन मांजर इराणच्या मांजरांपेक्षा युरोपच्या मांजरांच्या जवळचं निघालं. नावच तेवढं इराणी उरलं.

पण बक्षिसाची किंमत त्या जिवाने मोजली. चपट्या तोंडामुळे श्वास अडतो, डोळ्यांतून सारखं पाणी गळतं. या जातीत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा रोग वंशाने येतो. मांजर उन्हाळ्यात अंग चाटून आणि तोंडाने धापा टाकून गारवा मिळवतं. नाक आखूड असलेल्याला तेही जड जातं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42 च्या पुढे जातो, वीज जाते, पत्रे तापतात. तिथे ते दाट केसांचं लेकरू काय करील?

म्हणून ज्यांना खरंच असं मांजर हवं आहे, त्यांनी चार गोष्टी पाहाव्यात. नाक बाहेर आलेलं असावं आणि श्वासाचा आवाज नसावा. पिल्लाची आई समोर बघावी, तिला उचलून घ्यावं. आई बुजरी असेल तर पिल्लूही बहुधा तसंच निघतं. पिल्लू निदान दोन महिन्यांचं असावं. आणि रोज दहा मिनिटं फणी करायला घरात कोण मोकळं आहे, ते आधी ठरवावं. फणी चुकली की केसांच्या गुठळ्या होतात, त्याखाली कातडी सडते. बहुतेक घरांत हे काम शेवटी बाईच्याच अंगावर पडतं, म्हणून आधी बोलून घ्या. मांजर कोणतंही असो, रेबीजची लस टोचून घ्या. घरात कुणी गरोदर असेल तर मांजराची घाण तिने उचलू नये.

आणखी एक. शेतात, उसात किंवा पळाटीत कधी पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं सापडतात. ती रानमांजराची असू शकतात. आपल्याला पैनगंगा अभयारण्य लागून आहे. ती घरी आणू नका, कायद्याने गुन्हा आहे. त्यांची आई जवळच असते.

आमच्या घरी काय झालं? शेजारच्या मनीने पोत्यांच्या मागे तीन पिल्लं दिली होती. जाणकार सांगतात की मांजराचं पिल्लू दोन ते सात आठवड्यांचं असताना माणसाच्या हाताला लागलं की जन्मभर माणसाळतं. तिसऱ्या आठवड्यापासून शेजारीण रोज दुपारी एक पिल्लू सासूबाईंच्या मांडीवर ठेवायची. त्या त्याच्या कपाळावरून बोट फिरवत बसायच्या. दोन महिन्यांनी ते आमच्याकडे आलं. आखूड केसांचं, करड्या रंगाचं. त्याने आजवर सासूबाईंना एकदाही ओरबाडलेलं नाही. मला मात्र दोनदा.

लेक सुटीत आला तेव्हा थोडा हिरमुसला. सासूबाई त्याला म्हणाल्या, "बाळा, केस तुझ्या मांजराचे मऊ असतील. पण ह्याला माझा हात कळतो." मग हळूच म्हणाल्या, "आणि उंदीरही धरतो."

मैत्रिणींनो, गरीब स्वभाव जातीतून येतो, तसा हातातूनही येतो. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत सगळ्यांत वयस्कर बाईला विचारा, तिच्या आजीच्या वेळी गाव माळावर गेलं होतं का आणि घरात मांजर होतं का. ती जे सांगेल ते वहीत लिहून ठेवा. आपला इतिहास अजून तिच्याकडेच आहे.