फिलिप्पैमधलं पत्रवाचन

इ.स. 60 च्या आसपासचा काळ. तुम्ही मासेदोनियातल्या फिलिप्पै शहरात, एग्नातिया मार्गाच्या फरसबंदीवरून चालताय. इ.स.पू. 42 मध्ये इथे झालेल्या लढाईनंतर निवृत्त सैनिकांना जमिनी मिळाल्या आणि ही रोमन वसाहत झाली. नागरिकत्वाचा इथे मोठा अभिमान. सम्राट ऑगस्टसने नाण्यांवर स्वतःला देवाचा पुत्र म्हणवून घेतलं होतं. आता गादीवर नीरो आहे.

तुम्ही ख्रिस्ताचे भक्त जमलेल्या एका घरात शिरता. दिवे लागलेत. व्यापारी, बायका, गुलाम दाटीवाटीने बसलेत. त्यांच्यातलाच एपफ्रदीत परतलाय. या मंडळींची मदत घेऊन तो कैदेतल्या प्रेषित पौलाकडे गेला होता, तिथे मरणाच्या दारात पोचला होता. आता त्याने पौलाचं पत्र आणलंय. गुंडाळी उलगडते, वाचन सुरू होतं.

पौल आधी आपल्या बेड्यांविषयी सांगतो. मग विनवतो: चढाओढ नको, दुसऱ्याला आपल्याहून थोर माना. आणि एकाएकी वाक्यांना गाण्याची लय येते. या ओळी पत्राहूनही जुन्या असाव्यात, असं अनेक अभ्यासक मानतात.

ख्रिस्त देवाच्या रूपात होता, पण देवाच्या बरोबरीला तो चिकटून राहिला नाही. त्याने स्वतःला रिकामं केलं, दासाचं रूप घेतलं, वधस्तंभावर मरण पत्करलं. शेजारचा गुलाम मान वर करतो. वधस्तंभ ही त्याच्यासारख्यांची शिक्षा, हे त्याला कुणी सांगायला नको.

वाचन पुढे जातं. देवाने त्याला सर्वोच्च केलं. स्वर्गात, पृथ्वीवर आणि पृथ्वीखाली प्रत्येक गुडघा येशूच्या नावाने टेकेल. यहुदी शास्त्र जाणणारा इथे दचकेल. त्या शास्त्रातल्या यशयाच्या ग्रंथात, 45व्या अध्यायात, हा मान एकमेव देव स्वतःसाठी राखून ठेवतो. पौल परूशी या यहुदी पंथात वाढलेला. देव एकच, यावर त्याची तडजोड नाही. तरी तोच मान पौल येशूला देतो, आणि त्यातच पित्याचा गौरव पाहतो.

थोड्या वेळाने दोन नावं वाचली जातात: युवदीया आणि सुंतुखे. या दोघींनी एकदिलाने वागावं, अशी पौलाची विनंती आहे. मघाची ओळ इतकी उंच कशासाठी गेली, ते आता उमगतं. ज्याने देवपण मिरवलं नाही, त्याच्या भक्तांनी मोठेपणासाठी भांडायचं कसं?

नायसियाची परिषद भरायची आहे इ.स. 325 मध्ये, अडीचशेहून अधिक वर्षांनी. ख्रिस्ताच्या देवत्वाची काटेकोर व्याख्या तिथे होईल. त्याची भक्ती मात्र येशूच्या मृत्यूनंतर तीसेक वर्षांतच या घरात रुजलेली आहे. आणि पौलाने ते देवत्व सेवेपासून वेगळं काढलेलं नाही. ख्रिस्ताला प्रभू म्हणायचं, तर दासाची जागाही घ्यावी लागते. फिलिप्पैकरांस लिहिलेलं हे पत्र चारच अध्यायांचं आहे. एका बैठकीत, मोठ्याने वाचा.