तारे आकाशात सरकतात का?

ठाणे, कल्याण-डोंबिवलीत दिव्यांच्या उजेडामुळे तारे कमीच दिसतात. तरी डिसेंबरअखेर मगरिबनंतर तासाभराने गच्चीवर जा. पूर्वेला एका ओळीत तीन ठळक तारे दिसतील. हा मृग नक्षत्रातला बाण. मध्यरात्री हेच तारे दक्षिणेकडे उंचावर, तर फजरच्या सुमारास पश्चिमेला मावळतीला आलेले असतात.

मग तारे फिरतात का? दिसते तसे, पण फिरते आपली पृथ्वी. ती पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून तारे उलट दिशेने, तासाला सुमारे १५ अंश सरकताना दिसतात. पृथ्वी सूर्याभोवतीही फिरत असल्याने तेच तारे रोज सुमारे ४ मिनिटे लवकर उगवतात.

ध्रुवतारा म्हणजेच कुतुबतारा मात्र जवळजवळ जागचा हलत नाही, कारण पृथ्वीचा अक्ष त्याच्याच दिशेला आहे. ठाण्यातून तो उत्तरेला क्षितिजापासून सुमारे १९ अंश वर, म्हणजे हात लांब करून एकावर एक धरलेल्या दोन मुठींएवढा उंच असतो. त्याच्याकडे तोंड केले की डाव्या हाताला पश्चिम. आपल्याकडून किबला पश्चिमेपासून थोडा उत्तरेकडे येतो. प्रवासात मोबाइल बंद पडला, तर ही खूण कामी येते.

ताऱ्यांना स्वतःचीही गती असते. पण ते इतके दूर आहेत की आयुष्यभर पाहूनही ती डोळ्यांना कळत नाही.