औषध क्षयाचे, परिणाम डोळ्यांवर

एका आजारावर घेतलेले औषध कधी कधी डोळ्यांना बाधते. क्षयरोगावरील इथॅम्बुटॉल हे त्याचे ठळक उदाहरण होय. औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगावर सहा महिने रोज जी औषधे दिली जातात, त्यांत ते अखेरपर्यंत असते.

क्वचित रुग्णांमध्ये त्यामुळे डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूला इजा होते. दोन्ही डोळ्यांना अंधुक दिसू लागते, लाल-हिरवा रंग फिका वाटतो. डोळा दुखत नसल्याने दुर्लक्ष होते. हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. म्हणून मूत्रपिंडाच्या रुग्णांना धोका अधिक.

उपचारांपूर्वी दृष्टी तपासून घ्यावी. सिंधुदुर्गातील रेडीसारख्या गावात नेत्रतज्ज्ञ हाताशी नसला, तरी पुढची खबरदारी घरीही घेता येते. आठवड्यातून एकदा एकेक डोळा झाकून वर्तमानपत्र वाचावे, दिनदर्शिकेतील लाल तारखा पाहाव्यात. फरक जाणवल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. इथॅम्बुटॉल वेळीच थांबवल्यास अनेकांची दृष्टी सुधारते. उशीर झाल्यास नुकसान कायमचे राहू शकते. मात्र क्षयाची औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत, रोग बळावतो.

इतर औषधांबाबतही सावध राहावे. दीर्घकाळ घेतलेल्या स्टिरॉइडने मोतीबिंदू व काचबिंदू होऊ शकतो. संधिवातावरील हायड्रॉक्सिक्लोरोक्विन अनेक वर्षे घेतल्यास दृष्टिपटलाला इजा संभवते. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेणाऱ्यांनी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी तसे सांगावे. नेत्रतज्ज्ञांकडे जाताना चालू औषधांची यादी सोबत न्यावी.