काउंट ड्रॅक्युला (दूरचित्रवाणीपट)

ब्रॅम स्टोकर यांच्या ‘ड्रॅक्युला’ (१८९७) या भयकादंबरीचे बीबीसीने केलेले दूरचित्रवाणी-रूपांतर. बीबीसी २ वाहिनीवर २२ डिसेंबर १९७७ रोजी प्रथम प्रक्षेपित. पटकथा जेरल्ड सेव्हरी, दिग्दर्शन फिलिप सॅव्हिल. लांबी सुमारे अडीच तास. प्रमुख भूमिका : लुई जूर्दां (ड्रॅक्युला), फ्रँक फिनले (व्हॅन हेल्सिंग), जूडी बोकर (मीना), सुझन पेन्हालिगन (लूसी), बॉस्को होगन (जोनाथन हार्कर), जॅक शेफर्ड (रेनफील्ड).

बेला लुगोसी ड्रॅक्युलाच्या भूमिकेत असलेला १९३१ चा गाजलेला चित्रपट मूळ कादंबरीपेक्षा तिच्यावरून रचलेल्या नाटकाच्या अधिक जवळचा होता. रंगमंचाच्या सोयीसाठी नाटकाने कथानक दिवाणखान्यात आणून बसवले आणि पुढच्या बऱ्याच चित्रपटांनी तीच वाट धरली. सेव्हरी यांनी पुन्हा पुस्तक उघडले. हार्करचा ट्रान्सिल्व्हेनियाचा प्रवास, किल्ल्यातली कैद, इंग्लंडमधील व्हिटबीचा किनारा, मनोरुग्णालयातला रेनफील्ड आणि अखेरचा किल्ल्यापर्यंतचा पाठलाग हे टप्पे येथे कादंबरीच्याच क्रमाने येतात. व्हिटबीची दृश्ये प्रत्यक्ष त्या गावात चित्रित झाली. स्टोकर १८९० मध्ये तेथे राहिले होते. कड्यावरचे चर्च, समुद्राकडे तोंड केलेले दफनस्थान आणि तेथे रात्री एकटी बसलेली लूसी यांना त्यामुळे नेपथ्याने न येणारा खरेपणा लाभतो.

कादंबरी रोजनिशा, पत्रे, तारा आणि फोनोग्राफवरील नोंदी यांतून उलगडते. प्रत्येकाला थोडेच कळलेले असते. ते तुकडे वाचकाला जुळवावे लागतात. कॅमेऱ्यापुढे हे जमणे कठीण, आणि या रूपांतरात ते बव्हंशी हरवले आहे. त्याची भरपाई सॅव्हिल संथ गतीने करतात. हार्कर खिडकीतून खाली पाहतो, तर काउंट डोके खाली करून, पालीसारखा भिंतीवरून उतरत असतो. पुढे काउंट आपल्या तीन स्त्रियांपुढे एक पिशवी टाकतो आणि आतून तान्ह्या बाळाचे रडणे ऐकू येते. तिथे अंगावर काटा येतो.

बदलही आहेत. मीना व लूसी येथे मैत्रिणी नसून बहिणी आहेत. आर्थर होमवुड आणि अमेरिकन क्विन्सी मॉरिस या लूसीच्या मागणीदारांचे मिळून एकच पात्र केले आहे. पात्रांची गर्दी त्यामुळे कमी होते, पण कादंबरीत तिच्या तीन मागणीदारांत असलेला जिव्हाळा पातळ होतो. सर्वांत मोठा बदल खुद्द काउंटचा. स्टोकरचा ड्रॅक्युला पांढऱ्या मिशांचा म्हातारा असून रक्त पिऊन तो तरुण होत जातो. जूर्दां सुरुवातीपासूनच देखणे, सभ्य, मृदू बोलणारे. ते आवाज चढवत नाहीत, आपले म्हणणे तर्काने पटवू पाहतात. त्यांचा काउंट मोहक आहे, तरी पटकथा त्याला कुठेही करुण प्रियकर बनवत नाही. १९९२ च्या फ्रान्सिस फोर्ड कपोला यांच्या चित्रपटात मीना ही काउंटच्या मृत पत्नीचा पुनर्जन्म ठरते. कादंबरीत नसलेली ही प्रेमकथा सेव्हरी यांच्या पटकथेतही नाही. छातीवर जखम करून मीनाला रक्त पाजण्याचा प्रसंग त्यामुळे येथे अत्याचार म्हणूनच समोर येतो.

तंत्र त्या काळाचे आहे. बाहेरची दृश्ये फिल्मवर आणि आतली स्टुडिओत व्हिडिओटेपवर घेतल्याने दोन्हींचा पोत वेगळा दिसतो. रंग उलटे करणाऱ्या व्हिडिओ-करामती आज जुनाट वाटतात. अमेरिकेत हा दूरचित्रवाणीपट १९७८ मध्ये पीबीएसच्या ‘ग्रेट परफॉर्मन्सेस’ या मालिकेत दाखवला गेला.