बारा व्होल्टचा आवाज

नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या राहुट्या लागतात आणि गावोगावची मंडळी जत्रेची सुपारी द्यायला येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांचं हे गाव. आवाज लांबवर पोचवण्याची कला इथे माइकच्या आधीपासून आहे. जुन्या फडात ढोलकी, तुणतुणं, कडं आणि मागे उभे राहून वरच्या पट्टीत झील धरणारे सुरत्ये असत. शेवटच्या रांगेतल्या माणसाला शब्द ऐकू जायचा तो निव्वळ गळ्याच्या जोरावर.

मग कर्णा आला. वाडीवस्तीवर विजेची तार पोचायच्या आधी बऱ्याच ठिकाणी जीप नाहीतर ट्रॅक्टर पोचला होता, आणि त्याच्यासोबत बॅटरी. सहा खान्यांची, साधारण १२ व्होल्टची. अहुजासारख्या कंपन्यांचे अॅम्प्लिफायर विजेवर चालत तसेच या बॅटरीवरही चालत. वरात असो, भंडारा असो की निवडणुकीचा प्रचार, दोन तारांवर काम भागायचं. गाडी आणि आवाज यांची सोयरीक जुळली ती अशी. २५ जानेवारी १९८७ ला दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं, तेव्हा रविवारी सकाळी वीज गेली की ट्रॅक्टरची बॅटरी उतरवून छोट्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीला लावणं ही खेड्यापाड्यांतली नेहमीची गोष्ट झाली.

याच सोयरिकीतून कारटेप घरात आला.

फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेली कॅसेट ऐंशीच्या दशकात भारतात स्वस्त झाली आणि जीप-ट्रॅक्टरमध्ये टेप वाजू लागले. रेडिओ, कॅसेट आणि अॅम्प्लिफायर एवढं सगळं एका हातात मावणाऱ्या डब्यात, तेही बॅटरीवर. साहजिकच लोकांनी तो डबा लाकडी खोक्यात बसवला, मागे ट्रान्सफॉर्मर जोडला आणि फडताळावर ठेवला. सलूनमध्ये, चहाच्या टपरीवर, कांद्याच्या चाळीजवळच्या खोलीत असे टेप वाजत. बॉक्स घ्यायला पैसे नसले की स्पीकर मडक्याच्या तोंडावर पालथा घालायचा. मडक्यातल्या हवेमुळे खालचा सूर भरून येतो. हे जुगाड म्हणून हसण्यावारी नेण्यासारखं नाही, त्यात ध्वनिशास्त्राची खरी समज आहे. २००५ नंतरची काही वर्षं ग्रामीण महाराष्ट्रात बारा-बारा तासांचं भारनियमन होतं. तेव्हा विजेवरचे महागडे संच गप्प पडले, पण कारटेप बॅटरीवर चालूच राहिला.

दुरुस्तीवाल्यांच्या टेबलावर सान्यो कंपनीची ‘४४४०’ आयसी हमखास सापडायची. मुळात गाडीच्या स्टिरिओसाठी घडवलेली ही चिप, दोन बाजूंना सहा-सहा वॉट देणारी. ती कारटेपमध्ये असे आणि गावठी असेंबल्ड अॅम्प्लिफायरमध्येही असे. मंचर, नारायणगाव, आळेफाटा ही पुणे-नाशिक रस्त्यावरची गावं, म्हणजे वायरमन, बॅटरीवाले आणि टेप बसवणारे यांना कामाची ददात नाही. गाडीचं काम आणि घरचं काम एकाच हातातून जायचं.

नव्वदच्या दशकात टीव्ही गेम आला. निन्टेन्डोने १९८३ मध्ये जपानात काढलेल्या फॅमिकॉमच्या या स्वस्त नकला. कॅसेट खोचायची आणि ‘मारिओ’ नाहीतर ‘कॉन्ट्रा’ खेळायचं. मागून दोन पिना निघत, पिवळी चित्राची आणि पांढरी आवाजाची. टीव्हीचा स्पीकर किरकिरा, म्हणून पोरांना पांढरी पिन कारटेपला जोडायची असे. पण जुन्या कारटेपला बाहेरचा आवाज आत घ्यायला भोकच नव्हतं. मग झाकण उघडून व्हॉल्यूमच्या बटणामागचे पाय शोधायचे. त्याच्या आत येणाऱ्या पायाला जाळीच्या वायरीची मधली तार डाग देऊन जोडायची, जाळी अर्थिंगला. टीव्ही गेमचा आवाज मोनो, म्हणून तीच तार दोन्ही बाजूंना वाटून द्यायची, नाहीतर एकच बॉक्स वाजतो. टेप जागा राहावा म्हणून आत कोरी कॅसेट फिरत ठेवायची. ज्याला उघडझाप नको असे, तो कॅसेटच्याच आकाराचा अडॅप्टर आत सारे. त्यातलं चुंबकीय हेड टेपच्या हेडला आवाज देतं.

खरी डोकेदुखी गुणगुणीची. भिंतीतली वीज ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मरनंतर डायोडच्या पुलातून गेली की तिचा १०० हर्ट्झचा घुमारा उरतो. फिल्टरचा कंडेन्सर लहान असला की तो घुमारा गाण्यात उतरतो. बॅटरीवर तोच टेप स्वच्छ वाजतो. गाडीत मात्र उलटं: इंजिन जसं रेटावं तशी अल्टरनेटरची शिट्टी चढत जाते. गेम आणि स्टिरिओ यांची अर्थिंग वेगवेगळ्या जागी घेतली की हा त्रास वाढतो, म्हणून जाणता वायरमन दोन्हींची अर्थिंग एकाच बोल्टवर घ्यायचा. नारायणगावच्या पूर्वेला खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभी आहे. या भागातला रेडिओ गोंगाट कमी, हे ती इथे येण्याचं एक मोठं कारण. नको तो सिग्नल शोधून हटवणं हे तिथल्या अभियंत्यांचंही रोजचं काम, आणि टेपवाल्याची चिकाटी त्यांच्याहून कमी म्हणता येणार नाही.

पुढे स्टिरिओला यूएसबी, ऑक्स आणि ब्लूटूथ आलं आणि डाग द्यायची गरज संपली. कन्सोलनेही आपली जुनी भोकं बुजवली. २०१३ च्या प्लेस्टेशन ४ ला लाल-पांढऱ्या पिनाच नाहीत. चित्र आणि आवाज एकाच एचडीएमआय वायरीतून जातात, आणि साध्या ब्लूटूथ स्पीकरशी त्याची जोडणी होत नाही. तरी तो गाडीच्या स्टिरिओवर वाजवता येतो. हातातल्या कंट्रोलरला हेडफोनचं ३.५ मिलिमीटरचं भोक आहे, तिथून एक वायर ऑक्समध्ये घालायची आणि सेटिंगमध्ये सगळा आवाज हेडफोनकडे वळवायचा.